लॅबमधला आपला माणूस गेल्यावर त्याची आठवण कशी जपायची

आमचे काका, म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमधले सिनियर टेक्निशियन, गेले त्या दिवशी लॅब बंद नव्हती. लॅब बंद होतच नाही ना, सकाळी सहाला वॉर्डातला मामा सॅम्पलचा ट्रे घेऊन आला, काउंटरवर ठेवला आणि "काका, आयसीयूचं अर्जंट आहे" म्हणाला आणि मग तिथेच उभा राहिला, कारण त्याला रात्रीच कळलं होतं, तोंडातून सवयीने निघालं. नाईटच्या मुलीने ट्रे घेतला, डोळे पुसत पुसत क्यूसी, म्हणजे मशीनची रोजची तपासणी, लावलं आणि सॅम्पल घेतली. मी ठाण्यात लॅब टेक्निशियन आहे, काकांच्या हाताखाली शिकले, आणि त्यांच्यासाठी "काहीतरी करूया" असं सगळे म्हणाले तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. तेव्हा मला कोणी सांगायला नव्हतं की हे कसं करतात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवतेय, तुमच्याकडे असा माणूस असेल आणि असं काम तुमच्यावर आलं तर उपयोगी पडेल.

आधी एक अडचण समजून घ्या. डॉक्टर गेले तर पेशंट येतात, सिस्टर गेल्या तर वॉर्डात त्यांचा हात धरलेली माणसं असतात. टेक्निशियनला पेशंट बघतच नाही, फार फार तर रक्त काढताना दोन मिनिटं. बऱ्याच ठिकाणी रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्टची असते आणि घरच्यांना एवढंच माहीत असतं की बाबा हॉस्पिटलमध्ये कामाला आहेत. म्हणजे त्या माणसाने तीस वर्षं काय केलं हे एका जागी कोणालाच माहीत नसतं, ते तुकड्यातुकड्यात पसरलेलं असतं, थोडं कॅज्युअल्टीत, थोडं ब्लड बँकेत, थोडं ऐरोली-घणसोलीच्या कुठल्यातरी छोट्या लॅबमध्ये जिथे त्यांचा जुना विद्यार्थी आता कामाला आहे. तुमचं खरं काम हे तुकडे गोळा करणं आहे, हार-फोटो-सभा त्याच्या नंतर.

पहिल्या दिवशी मात्र फक्त ड्युटी बघा. आम्ही निम्मे जवाहरबाग स्मशानभूमीत गेलो आणि निम्मे लॅबमध्ये थांबले. कोण थांबणार हे सिनियरने स्पष्ट ठरवून द्यायचं, "बघा तुमचं तुम्ही" असं सोडायचं नाही, कारण मग सगळ्यात नवीन पोरं बिचारी गप्प राहून मागे थांबतात आणि त्यांना शेवटचं दर्शनही होत नाही. ऑफला असलेल्यांना बोलवा, ब्लड बँकेतून दोन तासांसाठी एक माणूस मागा, रुटीन सॅम्पल थोडी थांबली तरी चालतील पण अर्जंट थांबता कामा नये. आणि जे थांबले त्यांची नावं लिहून ठेवा, पुढे सभेत ती घ्यायची आहेत.

हॉस्पिटलकडून जो मेसेज जातो तो जाण्याआधी स्वतः वाचा. आमच्या इथे पहिल्या मेसेजमध्ये काकांचा हुद्दा "लॅब असिस्टंट" असा गेला होता. डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, करून तीन दशकं काम केलेला सिनियर टेक्निशियन आणि शेवटच्या कागदावर हुद्दा चुकीचा, ते मला आजही लागतं. २०२१ साली आपल्या क्षेत्रासाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात लॅबवाल्यांची वेगळी नोंद आहे, आणि तरी हॉस्पिटलच्या आत हे होतं. म्हणून हुद्दा, कोर्स, कुठल्या साली लागले, ब्लड बँकेत किती वर्षं, मेन लॅबमध्ये किती, हे आस्थापना विभागातून तपासून घ्या, अंदाजाने लिहू नका.

आता आठवणी गोळा करणं. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा जास्त लिहिते. लोकांना "काका कसे होते?" असं विचारलंत तर "खूप चांगले होते, मनमिळाऊ, कामात प्रामाणिक" एवढंच येतं, आणि टाइप करायला सांगितलंत तर "भावपूर्ण श्रद्धांजली" आणि दोन हात जोडलेले. त्यांचा दोष नाही, प्रश्नच तसा आहे. मी तिसऱ्या दिवसापासून प्रश्न बदलले. त्यांनी तुमचं कुठलं सॅम्पल परत पाठवलं होतं? रात्री तुम्हाला फोन कशासाठी केला होता? तुम्हाला पहिल्या आठवड्यात काय करायला लावलं? कशावरून चिडायचे? आणि लिहून मागायचंच नाही, व्हॉइस नोट मागायची. नाईट संपवून कळव्याला किंवा दिघ्याला जाताना गाडीत बसलेली सिस्टर दोन मिनिटं बोलते, त्या दोन मिनिटांत जे येतं ते लेखी कधीच येत नाही.

एक सिस्टर म्हणाली, मी नवीन होते, पेशंटची शीर सापडत नव्हती, रक्त कमी आलं म्हणून मी जांभळ्या बल्बमधलं (बल्ब म्हणजे रक्त घ्यायची नळी, झाकणाच्या रंगावरून ओळखतात) थोडं प्लेन बल्बमध्ये ओतलं, पुरेसं दिसावं म्हणून. अर्ध्या तासाने काकांचा फोन, "सिस्टर, पोटॅशियम नऊच्या वर आलंय आणि कॅल्शियम तीन, पेशंट कसा आहे?" पेशंट बसून चहा पीत होता. "मग हे रक्त पेशंटचं नाही, बल्बचं आहे, नवीन पाठवा आणि डॉक्टरांना सांगा याच्यावर औषध देऊ नका." जांभळ्या बल्बमध्ये ईडीटीए असतं, पोटॅशियमचा क्षार, तो कॅल्शियम बांधून टाकतो, म्हणून पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं पडतं. हे पुस्तकात असतंच, पण मशीनने दिलेला आकडा तसाच रिपोर्टवर न सोडता आधी "पेशंट कसा आहे" विचारणारा माणूस प्रत्येक लॅबमध्ये नसतो. ती सिस्टर पुढे म्हणाली की त्यांनी माझी तक्रार केली नाही, दुसऱ्या दिवशी वॉर्डात येऊन सगळ्यांना मिळून रक्त कुठल्या क्रमाने भरायचं ते शिकवलं, आकाशी आधी, मग प्लेन, मग जांभळा, शेवटी फ्लोराइडचा राखाडी, आणि आकाशी खुणेपर्यंत भरायचाच कारण त्यात एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त लागतं, कमी भरलं तर पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, उगाच वाढलेला येतो.

दुसरी आठवण एका आरएमओची, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरची. पावसाळा, डेंग्यूचे पेशंट भरलेले, एका तरुण मुलाचे प्लेटलेट बावीस हजार आले आणि नातेवाईक प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी फोन फिरवायला लागले. काकांनी मशीनच्या आकड्यावर न थांबता स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर, काढला, बघितलं तर प्लेटलेट गुच्छ करून बसलेल्या, मशीन त्या गुच्छाला प्लेटलेट म्हणून मोजतच नव्हती. मग सायट्रेटच्या बल्बमध्ये परत सॅम्पल, आलेल्या आकड्याला एक पूर्णांक एकने गुणलं कारण सायट्रेटमुळे रक्त तेवढं पातळ होतं, आणि दीड लाखाच्या वर. त्या मुलाला एकही पिशवी लागली नाही आणि आपला रिपोर्ट कोणी वाचवला हे त्याला कधीच कळणार नाही. अशा आठवणी हव्यात.

विचारताना फक्त डॉक्टरांना विचारू नका. सॅम्पल आणणारे मामा, काचा धुणाऱ्या मावशी, मशीनचा सर्व्हिस इंजिनियर, रिएजंट आणून देणारा, कँटीनचा मुलगा. आमच्या मावशींनी सांगितलं की काका सुई कधी दुसऱ्याला टाकायला द्यायचे नाहीत, स्वतः पांढऱ्या डब्यात टाकायचे, कारण एकदा कोणीतरी चुकीच्या पिशवीत टाकलेली सुई मावशींच्या बोटाला लागली होती आणि पुढचे सहा महिने त्यांच्या टेस्टच्या तारखा काका स्वतः लक्षात ठेवून त्यांना आठवण करायचे. हे लॅबमध्ये आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

आणि चुकाही गोळा करा, हे मी ठामपणे सांगते. सभेत माणसाला देव करून टाकलं की तो माणूस उरतच नाही. काका नवीन पोरांवर फार ओरडायचे, दोन मुली रडत घरी गेल्या होत्या, त्यातल्या एकीने मला ते व्हॉइस नोटमध्ये सांगितलं आणि मी ते काढलं नाही. आणि एक त्यांनी स्वतः सांगितलेली गोष्ट, तरुणपणी एका नाईटला त्यांच्याकडून दोन पेशंटची लेबलं अदलाबदल झाली होती, पहाटे लक्षात आलं तेव्हा रिपोर्ट वर गेले होते, ते धावत वॉर्डात गेले, डॉक्टरांना उठवून सांगितलं की माझी चूक आहे. सुदैवाने काही झालं नाही. पण त्यानंतर त्यांनी जो नियम धरला तो आम्हा सगळ्यांच्या अंगात भिनलाय, पेशंटला "तुम्ही अमुकच ना?" असं विचारायचं नाही, कारण तापातला माणूस कशालाही हो म्हणतो, "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारायचं आणि लेबल तिथेच, खाटेजवळच लावायचं, काउंटरवर येऊन नाही. चूक गाळली असती तर हा नियम कुठून आला ते कोणाला कळलंच नसतं.

एक काळजी इथे घ्यायलाच हवी. आठवणींमध्ये पेशंटचं नाव, बेड नंबर, तारीख येऊ देऊ नका, नावाशिवायही ओळखू येईल अशी केस असेल तर सोडून द्या. जुन्या फोटोंमध्ये मागे रजिस्टर उघडं असतं, स्क्रीनवर रिपोर्ट असतो, तो भाग कापूनच फोटो पुढे पाठवा. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे गुप्ततेचा, पण कायदा नसता तरी काकांनी हे चालू दिलं नसतं.

गोळा झालं की ते बाहेरच्या माणसाला कळेल असं करायचं. "क्यूसीच्या बाबतीत काटेकोर" हे वाक्य काकूंना आणि त्यांच्या मुलीला काहीच सांगत नाही. मी तिला असं सांगितलं, रोज सकाळी पेशंटचं एकही सॅम्पल लावायच्या आधी आम्ही ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं एक सॅम्पल मशीनवर लावतो, उत्तर ठरलेल्या पट्ट्यात आलं तर मशीन खरं बोलतेय, मगच पेशंटचं रक्त. तो रोजचा ठिपका आलेखावर टाकतात, लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये लॅबसाठी सुचवलेली पद्धत आहे ती. मशीन तो आलेख स्वतः काढते तरी तुझे बाबा वहीत पेन्सिलने काढायचे, कारण हाताने काढला की ठिपके पट्ट्यात असूनही सगळे एकाच बाजूला सरकायला लागलेत हे डोळ्याला लवकर दिसतं. एकदा ग्लुकोजचे ठिपके असेच दिवसेंदिवस मधल्या रेषेच्या वर राहिले, पट्ट्याबाहेर एकही नाही, तरी त्यांनी टेस्ट थांबवून कॅलिब्रेशन केलं. मुलगी ऐकून म्हणाली, म्हणून बाबा इतक्या लवकरची गाडी पकडायचे का, आम्हाला वाटायचं गर्दी टाळायला.

सभेबद्दल थोडक्यात. दुपारी शिफ्ट बदलते त्या वेळी ठेवा, मॉर्निंगवाले आणि आफ्टरनूनवाले दोघांना जमतं, हॉस्पिटलच्याच सेमिनार रूममध्ये, बाहेर हॉल घेतलात तर अर्धी माणसं येऊ शकणार नाहीत. चाळीस मिनिटांच्या वर नको. पाच जणांना बोलायला सांगा, प्रत्येकी तीन मिनिटं, आणि क्रम उलटा ठेवा, सगळ्यात ज्युनियर आधी आणि हेड ऑफ डिपार्टमेंट शेवटी, कारण मोठ्यांनी आधी बोलून घेतलं की लहानांना वाटतं आता आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही. मामा आणि मावशींपैकी एक जण बोललाच पाहिजे, त्यांना माइक नको असेल तर त्यांची व्हॉइस नोट लावा. त्या दिवशी लॅबमध्ये मागे थांबलेल्यांची नावं घ्या. फोटो आयकार्डचा मोठा करून लावू नका, त्यात कोणीच स्वतःसारखं दिसत नाही, मायक्रोस्कोपवर वाकलेला, ॲप्रन घातलेला एखादा कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलमध्ये असतोच. समई, उदबत्ती सेमिनार रूममध्ये, लॅबच्या आत अजिबात नको, स्पिरिट आणि मिथेनॉल असतं तिथे.

आणि एक गोष्ट आम्ही केली ती जमली तर नक्की करा. मायक्रोस्कोप सभेच्या खोलीत आणून ठेवला आणि काकांनी स्वतः रंगवलेली शिकवायची स्लाइड लावली, मलेरियाची, नाव-नंबर काहीही नसलेली. शंभर पटीची ऑइल लेन्स, फोकस करून ठेवला आणि घरच्यांना एकेक करून बघायला दिलं. काकू आधी नको म्हणाल्या, मग बसल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि म्हणाल्या, "अंगठीसारखं दिसतंय काहीतरी, छोटं." तेच शोधायचं असतं काकू, तांबड्या पेशीच्या आत ती बारीक अंगठी, जांभळा ठिपका असलेली, जून ते ऑक्टोबर काका दिवसाला कितीतरी स्लाइडवर हेच शोधत बसायचे, आणि सापडली नाही तरी शंभर फील्ड पूर्ण बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचे नाहीत. काकू परत वाकून बघायला लागल्या. तीस वर्षांत आपला नवरा नेमकं काय बघायचा ते त्यांना त्या दिवशी दिसलं.

सभेनंतर राहतात त्या वह्या आणि ड्रॉवर. प्रत्येक जुन्या टेक्निशियनकडे एक वही असते, कुठल्या मशीनचा कुठला एरर कशाने जातो, कुठला स्टेन किती मिनिटं, पावसाळ्यात लेशमन (रक्ताच्या स्लाइडला लावायचा स्टेन, म्हणजे रंग) का बिघडतो वगैरे. ती सगळ्यात मोठी ठेव आहे आणि तीच सगळ्यात आधी हरवते, कारण कोणीतरी ड्रॉवर साफ करतं. पहिल्या आठवड्यात पानन् पान फोटो काढून ठेवा. मूळ वही घरच्यांची, त्यांना हवी का विचारा. पण हॉस्पिटलची रजिस्टरं कितीही त्यांच्या अक्षरात असली तरी तिथेच राहतात. वहीतलं टाइप करताना पेशंटची नावं गाळा आणि जुने नॉर्मल रेंज, जुन्या किटच्या पद्धती तशाच वापरायला घेऊ नका, किट बदललं की रेंज बदलते, पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडून तपासून मगच एसओपीमध्ये (लॅबच्या लेखी कार्यपद्धतीत) जोडा. काकांच्या वहीत एक पान फक्त बॉम्बे ब्लड ग्रुपवर होतं. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतच शोधलेला गट, पेशी तपासल्या तर "ओ" वाटतो पण त्या माणसाला ओ रक्त दिलं तर जीवावर बेततं, आणि सीरमची (रक्तातल्या पातळ भागाची) उलट तपासणी ओ पेशींसकट केली की पकडला जातो. पानाच्या खाली लाल पेनने लिहिलं होतं, "घाईत असलो तरी ओ सेल लावणे." ते पान आम्ही तसंच्या तसं झेरॉक्स करून ब्लड बँकेत लावलंय.

घरच्यांच्या कागदांसाठी एक माणूस नेमून द्या, हे रडारडीच्या दिवसांत कोणाच्या लक्षात येत नाही. मृत्यूच्या दाखल्याच्या सात-आठ प्रती घ्यायला सांगा. खासगी नोकरीत पीएफ असेल तर तीन वेगळ्या गोष्टी असतात, जमा रक्कम, कुटुंबाची पेन्शन आणि विमा म्हणजे ईडीएलआय, जो जास्तीत जास्त सात लाखांपर्यंत असतो, आणि विमा राहून गेलेली घरं मी बघितली आहेत. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट असते ती मृत्यू झाल्यास लागू होत नाही, त्यामुळे नवीन लागलेला मुलगा गेला असेल तरी मागा. महापालिकेच्या किंवा सिव्हिलच्या नोकरीत नियम वेगळे, तिथे आस्थापना विभागात सोबत जाऊन बसा, काकूंना एकटीला पाठवू नका.

दरवर्षी काही करायचं असेल तर दिवस विचार करून निवडा. पुण्यतिथीला घरी त्यांचे विधी असतात, त्या दिवशी घरच्यांना हॉस्पिटलमध्ये ओढू नका. रक्तदान शिबिर घ्यायचं तर १४ जून चांगला, तो रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांचा जन्मदिवस, जागतिक रक्तदाता दिन. शिबिर परवाना असलेल्या ब्लड बँकेबरोबरच घ्या आणि देणाऱ्यांना आधीच सांगा, वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा, पुरुषांना तीन महिन्यांचं आणि बायकांना चार महिन्यांचं अंतर, नाहीतर निम्मी माणसं रांगेतून परत जातात आणि पुढच्या वर्षी येत नाहीत. आम्ही १५ एप्रिल घेतला, तो बायोमेडिकल लॅब सायन्सचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो, आणि दुसऱ्या दिवशी १६ एप्रिल म्हणजे १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली तो दिवस, काका दोन्ही दिवसांना पेढे आणायचे, पंधराला लॅबसाठी आणि सोळाला "आपल्या ठाण्यासाठी". आता आम्ही पंधराला भाषणं ठेवत नाही. शिकाऊ मुलं-मुली येतात, प्रत्येकाने दहा स्मिअर काढायचे, जाड नाही पातळ नाही, टोकाला जिभेसारखा निमुळता, आणि सिनियरनी शेजारी बसून बघायचं, ओरडायचं नाही एवढा एक बदल आम्ही केलाय. पेढे मात्र दोन्ही दिवस येतात. पैसे गोळा करून बक्षीस वगैरे सुरू करायचं असेल तर आधी घरच्यांना विचारा आणि हिशोब ग्रुपवर टाका, त्यात नाव त्यांचं लागणार आहे.

ग्रुपवरून त्यांचा नंबर लगेच काढू नका. काकूंनी आम्हाला सांगितलं की काही दिवस राहू द्या, त्या रात्री कधीतरी त्यांचा फोन उघडून लॅबचे मेसेज वाचतात, कोणाची नाईट आहे, कुठलं मशीन बंद पडलंय.

ड्रॉवरमधल्या वस्तू वाटताना घरच्यांनी काय हवं ते आधी घेऊ दे, मग राहिलेल्या कपाटात जपून ठेवण्यापेक्षा वापरात द्या. काकांचा डीसी काउंटर, पांढऱ्या पेशींचे प्रकार मोजायचा, पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडे आहे. डायमंड पेन्सिल, काचेवर नंबर कोरायची, लाकूड झिजून बोटाच्या आकाराचं झालेली, ती कोणाला द्यायची यावर बरंच बोलणं झालं आणि शेवटी सगळ्यात नवीन मुलीला दिली, ऐरोलीहून येते, काकांना तिने कधी बघितलेलं नाही. परवा नाईटला मी आत गेले तर ती स्लाइडवर नंबर टाकत होती आणि मामाला विचारत होती, लेबल खाटेजवळ लावलं होतं ना, की इथे येऊन लावलंत?